आधी चूक, मग बरोबर

१२ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन का करत नाहीस म्हणून तू रागावली आहेस. या घरातल्या भिंती पातळ आहेत आणि काकांचे कान तिखट आहेत, एवढंच कारण आहे. शिवाय फोनवर माझं ततपप होतं. पत्रात खोडून पुन्हा लिहिता येतं.

मी हल्ली नक्की काय करतो ते नीट सांगतो, नाहीतर भावोजींना तू काहीतरी अर्धवट सांगशील. काका शाळेतून निवृत्त झाल्यापासून इंटरनेटवर जगाचा इतिहास शिकवतात, हे तुला माहीत आहेच. मागच्या सामानाच्या खोलीत आम्ही जुन्या गाद्या भिंतींना उभ्या लावल्या आहेत, म्हणजे रस्त्यावरचा आवाज आत येत नाही. एक टेबल, एक दिवा, मागे जगाचा नकाशा. काका बोलतात. बाकीचं सगळं माझ्याकडे असतं. रेकॉर्डिंग, कापाकापी, नकाशावरचे बाण, धड्याखालचे प्रश्न, शिक्षकांनी वर्गासाठी छापून घ्यायची पानं. आणि कालपट्टी. तिच्यावर कुठल्याही सालावर बोट ठेवलं की त्या वेळी जगात कुठे काय चाललं होतं ते एकाखाली एक उघडतं. एकीकडे कुणी देऊळ बांधतोय, त्याच वर्षी दुसरीकडे कुणी शहर जाळतोय. ती करताना मला जेवायची आठवण राहत नाही. एकेक साल दोन-तीन ठिकाणी ताडून बघितल्याशिवाय मी पुढे जात नाही.

आता नको असलेली गोष्ट सांगतो. काकांची शिकवायची एक पद्धत आहे, आधी चूक, मग बरोबर. त्यांचं म्हणणं, चूक ऐकून पोरं हसली की बरोबर उत्तर डोक्यात पक्कं बसतं. ती चूक सांगायला मी. काका आदल्या दिवशी माझी उत्तरं लिहून देतात. परवा मी तोंड वासून सांगितलं की पिरॅमिड म्हणजे धान्याची कोठारं आणि टोक वर काढलंय ते पाऊस निथळावा म्हणून. मग काका छडीने माझ्या डोक्यावर टकटक करतात, आत कुणी आहे का म्हणून विचारतात आणि खरं उत्तर देतात. पोरं खूश आहेत. मला मात्र चुकीचं साल तोंडातून काढलं की लगेच मनातल्या मनात खरं साल म्हणावं लागतं.

पण हे फार दिवस चालणार नाही. शाळांसाठी फुकट धडे तयार करणारी एक मोठी संस्था आहे. त्यांना जगाच्या इतिहासाच्या विभागात कालपट्ट्या आणि नकाशे करणारा माणूस हवा आहे. माझं शिक्षण नववीपर्यंतच आहे हे मी आधीच कळवलं. ते म्हणतात, काम दाखवा आणि ओळखीच्या कुणाची शिफारस आणा. तिथले प्रमुख काकांना ओळखतात. काकांनी एक शब्द टाकला की माझं काम होईल. तिथे राहायला खोलीही मिळते. ताई, मला ही नोकरी हवी आहे. आजवर मी कशासाठी हट्ट धरलेला तुला आठवत नसेल. यासाठी धरणार आहे.

भावोजींना नमस्कार, चिमणीला पापा. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
बारक्या


२ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. केवढं ते अक्षर, मोत्यांचा सडा. भावोजी म्हणाले की एवढ्या सुबक अक्षरात लिहिणारा माणूस पिरॅमिडला कोठार म्हणतो हे कुणाला खरं वाटणार नाही. मी म्हटलं, तेच तर दुखणं आहे, सगळ्यांना खरं वाटतं.

तुला सांगू की नको असं झालं होतं, पण रुग्णालयात रोज लोकांना नको ते सांगायची सवय आहे, तेव्हा सांगते. चिमणीच्या शाळेत तुमचे धडे दाखवतात. इतिहासाच्या बाई फळ्याऐवजी पडदाच लावतात. पोरांनी तुला नाव ठेवलंय, चुकोबा. वर्गात कुणी चुकलं की सगळी बाकं वाजवतात आणि चुकोबा चुकोबा करतात. तू तिचा मामा आहेस हे चिमणीने कुणाला सांगितलेलं नाही. मला म्हणाली, मामाला इतक्यात आपल्याकडे बोलावू नकोस, कुणी ओळखलं तर मला शाळा बदलावी लागेल. मी तिला एक धपाटा घातला. मग तुमचा तो धडा लावून बघितला आणि मला हसू आवरेना. राग मानू नकोस. तू भुवया वर नेऊन जे काही थोबाड करतोस ते बघून दगडालाही हसू येईल.

काकांशी वाकडं घेऊ नकोस. आई-बाबा गेल्यावर त्यांनीच आपल्याला घरात घेतलं. त्यांची जीभ तेव्हाही कात्रीच होती. मला म्हणायचे, ही थोरली रडून घर धुऊन काढते, मोलकरीण ठेवायला नको. आपण मोठे झालोच ना. शिफारशीचं मात्र त्यांच्याकडे सरळ माग. घुटमळत बसू नकोस. तू मागतोस तेव्हा आधीच माफी मागितल्यासारखा उभा राहतोस.

जेवत जा. आठवण आहे तशी राहू दे.

तुझी,
ताई


५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू म्हणालीस तसं सरळ मागितलं. काका वर्तमानपत्र वाचत होते. ते न हलवता म्हणाले, बघू. त्याच आठवड्यात संस्थेतून भेटीचं बोलावणं आलं. मला वाटलं, शब्द टाकला त्यांनी. नवा शर्ट घेतला. कालपट्ट्यांचे छापील नमुने एका फाईलमध्ये सालवार लावले आणि कोपरे चुरगळू नयेत म्हणून मधे पुठ्ठा घातला.

तिथे लांब टेबलामागे चौघं बसले होते. मी दारात दिसताच एकाने टाळी दिली. प्रमुख म्हणाले, अरे, हा तर खरोखरचा चुकोबा. मला बसायला सांगितलं आणि आधी एखादी करून दाखवा म्हणाले. मी म्हटलं की मी कालपट्टीच्या कामासाठी आलो आहे. ते म्हणाले, ते होईल हो, आधी एक. ताई, मी करून दाखवली. फ्रान्सची राज्यक्रांती राजाच्या स्वयंपाक्याने संप केल्यामुळे झाली, ती. चौघंही पोट धरून हसले.

मग फाईल उघडली. प्रमुखांनी विचारलं की ही कालपट्टी कोणी केली. मी सांगितलं, मी. पुन्हा हशा झाला. त्यांना वाटलं, हीही तसलीच एक. मी पुन्हा सांगितलं, तर जी बाई टिपण घेत होती तिने डोळे पुसले आणि मला म्हणाली, चेहरा इतका गंभीर कसा ठेवता हो. माझे कान तापले, आणि माझे कान तापले की मी भुवया वर नेतो. ते बघून ते आणखी हसले. खरं कसं बोलायचं हेच मला तिथे सुचेना.

प्रमुखांनी माझ्यासमोरच काकांना फोन लावला. काकांचा आवाज त्या खोलीत सगळ्यांना ऐकू येत होता. ते म्हणाले, पोरगा गुणी आहे, पण पाटी कोरी. कालपट्ट्या मी सांगतो तशा तो टाइप करतो. आणि त्याला तिकडे नेलंत तर माझ्या धड्यांत हसवायला कोण. प्रमुख म्हणाले, बरोबर आहे, जोडी फोडायला नको. मला दारापर्यंत सोडायला शिपाई आला. त्यानेही मोबाईल काढून माझ्यासोबत फोटो घेतला.

घरी येऊन काकांना विचारलं. म्हणाले, तुझ्या भल्याचंच केलं. तिथे तुला लोक दोन दिवसांत ओळखतील. इथे निदान मजेत खपतोस.

आता दाढी करायला गेलो तरी न्हावी आरशातून विचारतो, काय चुकोबा, आज कोणता राजा मारला. मी हसतो. ताई, मी हसतो, त्याचा मला जास्त राग येतो.

तू तरी मला माझ्या नावाने आठव.

तुझा,
बारक्या


२१ मार्च

चि. सौ. थोरलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

तुला पत्र लिहिण्याचा प्रसंग तुझ्या बंधुराजांमुळे आला. गेले पंधरा दिवस तोंड फुगवून हिंडतो आहे. टेबलावर चहाचा कप असा ठेवतो की बशीने माझी माफी मागावी. त्याला तू समजाव. तुझं तो ऐकतो.

मी इतकी वर्षं वर्गावर काढली. पोर पाहिलं की ते कुठवर जाईल हे मला कळतं. बारक्या नीटनेटका आहे, शुद्ध लिहितो, सांगितलेलं विसरत नाही. पण नीटनेटकेपणा म्हणजे बुद्धी नव्हे. कपाटही नीटनेटकं असतं. प्रत्येकाला देवाने एकेका गोष्टीत गती दिलेली असते. याला चुकण्यात दिली आहे, आणि ती मी ओळखली, त्यावर त्याला उभं केलं. आज देशोदेशीची पोरं त्याला ओळखतात. माझ्या हाताखालच्या भल्या भल्या हुशार विद्यार्थ्यांना कोण ओळखतं?

संस्थेने आता माझी सगळी मालिका घ्यायचं ठरवलं आहे. हे त्याने तुला कळवलं नसेल. कळवणार नाही. उपकार लक्षात ठेवायला मन मोठं लागतं. मी इतकी वर्षं वर्गावर काढली. पोर पाहिलं की ते कुठवर जाईल हे मला कळतं.

तुझ्या आईचा गुडघा आता कसा आहे? तिला म्हणावं, थंडीत गार फरशीवर बसत जाऊ नकोस. भेटीअंती सविस्तर बोलू. घरच्या सर्वांवर आमचा लोभ आहे, हे वेगळं लिहायला नको.

तुझा,
काका


२८ मार्च

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

काकांचं पत्र आलं. तुझ्याबद्दल जे लिहिलंय ते वाचून मी कागद चुरगळला होता, मग पुन्हा सरळ केला, कारण शेवटी आईच्या गुडघ्याची चौकशी केली आहे. आई जाऊन किती वर्षं झाली ते तुला-मला सांगायला नको. तिला खांदा द्यायला काका पुढे होते. शिवाय दोन अख्खी वाक्यं पत्रात जशीच्या तशी पुन्हा आली आहेत, आणि काकांनी आयुष्यात कधी एक शब्द दोनदा वाया घालवलेला नाही.

बारक्या, मी वॉर्डात अशी माणसं रोज बघते. सुरुवात अशीच होते. जुनं लख्ख आठवतं आणि कालचं पुसतं, मग जुन्यातलंही एकमेकांत सांडायला लागतं. तुला काही जाणवलंय का, खरं सांग. त्यांना डॉक्टरांकडे ने. काहीतरी निमित्त काढ, डोळे तपासायचं म्हण. आणि रेकॉर्डिंग थांबव. बाहेर कुणाला कळता कामा नये. आयुष्यभर ज्या माणसाने दुसऱ्यांच्या चुका मोजल्या, त्याच्या चुका चव्हाट्यावर आल्या तर तो त्या धक्क्यानेच जाईल.

तुझ्यावर त्यांनी अन्याय केला, मला दिसतंय. पण आत्ता ते बाजूला ठेव. उत्तर लगेच पाठव, माझा जीव टांगणीला आहे.

तुझी,
ताई


९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मला माहीत आहे. मागच्या पावसाळ्यापासून माहीत आहे.

पहिल्यांदा प्लेगच्या धड्यात झालं. युरोपात रोगाने माणसं कशी मेली ते त्यांनी सांगितलं, पाणी प्यायले आणि तेच शब्दन् शब्द पुन्हा सांगितलं. मी एक तुकडा काढून टाकला. नंतर त्यांनी फ्रान्सच्या राजाचं डोकं उडवलं आणि थोड्याच वेळात त्याच राजाला पहिल्या महायुद्धानंतरच्या तहाला बसवलं. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर नकाशा टाकला आणि जुन्या एका धड्यातला त्यांचाच आवाज खालून जोडला. सांधा कुणाला ऐकू आला नाही. ते थांबतात, हात हवेत राहतो, डोळे नकाशावर काहीतरी शोधतात, ते सगळं मी कापत आलो. कधीकधी अर्ध्या दिवसाच्या बोलण्यातून एक धडा निघतो. लोक लिहितात की सर काय ओघवतं बोलतात.

डोळ्यांचं निमित्त काढून डॉक्टरांकडेही नेलं. त्यांनी तुझ्यासारखंच सांगितलं. काका बाहेर येऊन म्हणाले की डॉक्टरला साधी बेरीज येत नाही, मलाच विचारत होता.

त्यानंतर मी एकदा, शेवटचं, विचारलं. धीर एकवटून विचारलं. संस्था मालिका घेतेच आहे, तर कालपट्ट्या माझ्या आहेत एवढं कळवा, मी इथे राहून तुमचंही सगळं करीन. काका तेव्हा चांगले होते. डोळे स्वच्छ होते, मला पक्कं ओळखत होते. म्हणाले, चुकोबाने केलेल्या म्हटल्यावर त्या कोण उघडेल. आणि मग म्हणाले, तुझ्यावाचून माझं काही अडतंय का.

रात्रभर विचार केला असं लिहिलं तर खोटं होईल. मी जेवलो आणि झोपलो. सकाळी उठून नवा धडा घेतला. अमेरिकेत पोचूनही आपण आशियातच आलो असं कोलंबसला वाटत राहिलं, तो. काका समुद्राच्या मधोमध थांबले, मग त्याला नेपोलियनच्या दरबारात घेऊन गेले, तिथून त्यांना त्यांच्या शाळेच्या आवारातला नळ आठवला. मी पूर्ण धडा ऐकला. पडद्यावर खाली त्यांच्या बोलण्याची अक्षरं बसवली, आवाज सारखा केला, शुद्धलेखन दोनदा तपासलं आणि धडा इंटरनेटवर चढवला.

मी काही केलेलं नाही, ताई. फक्त कापलं नाही.

तू मला वाईट म्हणशील. म्हण, पण बोलणं सोडू नकोस.

तुझा,
बारक्या


१७ एप्रिल

बारक्या,

आशीर्वाद द्यायला हात उचलवत नाही, तरी दिला असं समज.

तो धडा काढून टाक. हे पत्र हातात पडेल त्या क्षणी काढ. मी म्हाताऱ्या माणसांची अंथरुणं बदलते तेव्हा आधी पडदा ओढते. माणूस चांगला होता की वाईट हे त्या वेळी विचारायचं नसतं. तू इतके महिने पडदा धरलास, आणि नेमका भर रस्त्यात सोडलास.

चिमणीच्या वर्गात तो धडा दाखवला. बाईंनी आधी बघितला नव्हता. पोरांना वाटलं, नवा विनोद आहे. आता मधल्या सुट्टीत एकजण आजोबा होतो, हात हवेत धरून उभा राहतो आणि बाकीचे त्याला कोलंबस कुठे गेला म्हणून विचारतात. चुकोबाचं नाव कुणी काढत नाही. चिमणीने घरी येऊन हे सांगितलं आणि म्हणाली, आता मामाला बोलावलं तरी चालेल. खरं सांगते, ऐकून क्षणभर मला बरं वाटलं. त्याचीच लाज वाटून हे लिहिते आहे.

काकांना माझ्याकडे पाठव. आमची पुढची खोली रिकामी केली आहे, भावोजी न्यायला येतील. माझ्या जिभेला जड जातंय, पण तुझ्याजवळ त्यांना ठेवायचं नाही.

ताई


१४ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भावोजी येऊन गेले. त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवावं लागलं, त्याबद्दल क्षमा असावी. रागाच्या भरात ते दारात जे बोलले ते मी मनावर घेतलेलं नाही.

मला नोकरी मिळाली. संस्थेचे प्रमुख स्वतः घरी आले होते. म्हणाले की कोलंबसचा धडा जितका बघितला गेला तितकं त्यांचं आजवर काहीच बघितलं गेलेलं नाही. लोकांना आता सालं पाठ करायचा कंटाळा आला आहे, त्यांना माणूस बघायचा असतो. मग त्यांनी विचारलं की आधीचे धडे इतके सफाईदार कसे, आणि मी त्यांना काय कापलं आणि काय जोडलं ते दाखवलं. या वेळी कुणी हसलं नाही. ते म्हणाले, म्हणजे खरा शिक्षक तुम्हीच. कालपट्ट्या आता माझ्या नावाने लागल्या आहेत. नाव पूर्ण छापलं आहे. मी स्पेलिंग तीनदा पाहिलं.

पद्धत तीच ठेवायची आहे, आधी चूक, मग बरोबर. फक्त प्रश्न मी विचारतो आणि उत्तर काका देतात. त्यांना काही लिहून द्यावं लागत नाही. मालिका पुन्हा पहिल्यापासून, आदिमानवापासून घ्यायची असं ठरलं आहे, त्यामुळे काकांना इतक्यात पाठवता येणार नाही. मी त्यांची हेळसांड करतो असं समजू नकोस. दाढी मी करतो. औषधं वेळेवर देतो. सदऱ्याची बटणं नीट लावतो, कारण पडद्यावर ते दिसतं.

बहुतेक दिवस ते खुशीत असतात. मला नवा मुख्याध्यापक समजतात आणि पोरांची हजेरी कमी का म्हणून काळजी करतात. पण गेल्या आठवड्यात मी त्यांना विचारलं की शेती माणसाने कशी शोधली. ते बोलू लागले आणि मधेच हरवले. हात हवेत गेला. मी वाट बघत राहिलो, संस्थेने मला तसं सांगितलेलं आहे. मग एकदम त्यांचे डोळे स्वच्छ झाले. त्यांनी दिव्याकडे बघितलं, कॅमेऱ्याकडे बघितलं, आपण कुठे बसलो आहोत ते त्यांना कळलं. सगळं कळलं, ताई. त्यांनी सदऱ्यावरच्या माईकवर हात ठेवला आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाले, बारक्या, एवढं तेवढं काप रे.

मला कधी त्यांनी इतक्या मऊपणाने हाक मारलेली नव्हती. मी हो म्हटलं. लगेच म्हटलं, कापतो काका, काळजी करू नका. त्यांना बरं वाटलं आणि पुढच्या मिनिटाला ते विसरले.

माईकवर हात होता तरी शब्द स्पष्ट आले आहेत. थोडा आवाज वाढवावा लागला. खाली अक्षरंही टाकली आहेत, म्हणजे ज्यांना ऐकू कमी येतं त्यांनाही वाचता येईल. धडा परवा चढवला. तू बघितला नसशील तर बघू नकोस.

भावोजींना नमस्कार, चिमणीला आशीर्वाद. इथे सर्व ठीक. तुझी माया होती तेवढी राहील, असं मी धरून चालतो.

तुझा,
बारक्या